बंद जिनिंगकडे जाणारी तार

धनज,
३ सप्टेंबर १९७५

ति. जिनदासभाऊ यांस,
प्रेमाचा सविनय जयजिनेंद्र.

मामांच्या अंत्यविधीला तुम्ही आलात आणि त्याच पावली अमरावतीला परतलात, त्यामुळे दोन शब्द बोलणंही झालं नाही. माझी अनसिंगच्या शाळेतून धनजला बदली झाली. आठ दिवसांपूर्वी मामांच्या घरी राहायला आले. घर माझ्या नावे झालं, आणि घरासोबत त्यांचे टेलिफोनही.

चौदा आहेत. मोजायला बसले तेव्हा कळलं की आजवर आपण त्यांच्याकडे नीट पाहिलंच नाही. रेल्वेच्या लिलावातून आणलेले, बंद पडलेल्या कापडगिरणीतले, कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातला उभ्या दांडीचा. पितळेवर हिरवट बुरशी आली आहे, सुती दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत. मधल्या खोलीच्या भिंतीवर सागवानी पेटीचा, मूठ फिरवून वाजवायचा तो सगळ्यांत मोठा.

तुम्हाला हे का लिहिते ते सांगते. मामांना अर्धांग झालं तेव्हा मी शेवटचे नऊ दिवस त्यांच्याजवळ होते. वाचा गेली होती. पण रोज संध्याकाळी ते डावा हात उचलून त्या भिंतीवरच्या टेलिफोनकडे बोट करायचे आणि हवेत मूठ फिरवल्यासारखं करायचे. मी म्हणायची, "हो मामा, मी सांभाळीन." त्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा ते सगळे दुरुस्त करायचे असं मी ठरवलं आहे. वारलेल्या मामी म्हणजे तुमची मावशी. तुम्ही याच घरात वाढलात, मामांच्या हाताखाली हे काम शिकलात आणि आता टेलिफोन खात्यात मेकॅनिक आहात. तुमच्याशिवाय कोणाला विचारू? सुरुवात कशी करायची ते लिहा.

आपली,
प्रेमा


अमरावती,
१० सप्टेंबर १९७५

प्रेमाबाईंस जिनदासचा जयजिनेंद्र.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. मावसाजींच्या मागं ते सगळं भंगारात जाईल अशी धास्ती होती. तुम्ही मास्तरीण, तुमचा हात जपून चालतो. जमेल तुम्हाला.

पहिल्यांदा दांडीवाला घ्या, त्यात कमी भानगडी असतात. पितळ चिंचेच्या कोळानं घासा, राखेनं नको. लाकडाला जवसाचं तेल फडक्यानं लावा, आणि दोन दिवस सावलीत ठेवा. बोलायच्या तोंडाशी आत कोळशाचे बारीक दाणे असतात. ते ओलीनं चिकटतात, मग आवाज बसतो. झाकण काढून हलक्या बोटानं टिचक्या मारा. दाणे सुटे झाले की एखादा फोन गळा साफ करून बोलतो म्हणा ना! दोऱ्यांसाठी मी चार हात सुती वेणीची तार वेगळी पाठवतो. सेल कारंज्याला मिळतील.

भिंतीवरचा मात्र तसाच राहू द्या. त्याची कॉइल जळलेली आहे. उगाच उघडू नका.

जिनदास


धनज,
२८ सप्टेंबर १९७५

ति. जिनदासभाऊ,
सविनय जयजिनेंद्र.

सहा झाले! दांडीवाल्याची घंटी पहिल्यांदा वाजली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या मुली पाहून गेल्या, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलून गेल्या. त्यांच्या हसण्यानं घर भरलं होतं.

पण आज मी तुमचं ऐकलं नाही. मामा ज्याच्याकडे बोट करायचे तोच कसा सोडू? दुपारी भिंतीवरची पेटी उघडली. भाऊ, कॉइल जळलेली नाही. आत दोन नवे सेल आहेत, याच वर्षाचे. स्क्रूखालची तार चकचकीत आहे, नुकतीच खरवडून बसवल्यासारखी. एक टोक जमिनीत गेलं आहे आणि दुसरं झरोक्यातून बाहेर. मी अंगणात जाऊन पाहिलं. तार निंबावरून, मग बांधाबांधानं जुन्या खांबांवरून, थेट बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगकडे जाते. मामा तिथं मॅनेजर होते तेव्हा त्यांनी ती टाकली होती, एवढं मला आठवतं. पण जिनिंग बंद होऊन सहा वर्षं झाली.

मी मूठ फिरवली. काही नाही. पुन्हा भीतभीत दोनदा थोडी थोडी फिरवली, आणि पलीकडे कोणी तरी रिसीव्हर उचलला. भाऊ, मला श्वास ऐकू आला. मी म्हटलं, "कोण आहे?" श्वास थांबला. मग खट्‌ असा आवाज झाला आणि सगळं शांत.

भर दुपारचे दोन वाजले होते. अंगणात ऊन होतं. तरी मी बाहेर ओट्यावर येऊन हे लिहिते आहे. पलीकडे कोण असेल?

प्रेमा


अमरावती,
२ ऑक्टोबर १९७५

प्रेमाबाई,

तार जुनी आणि लांब आहे. वाऱ्यानं तिच्यात असे आवाज येतात, आमच्या कामात हे रोजचं आहे. सेल काढून ठेवा. जिनिंगकडे जाऊ नका, छप्पर पडायला आलं आहे, साप फार. शाळेतल्या मुलींना घरी आणू नका. आणि या विषयावर पत्रात काही लिहू नका. दिवस कसे आहेत ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जिनदास


धनज,
१६ ऑक्टोबर १९७५

जिनदासभाऊ,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. शेजारच्या कस्तुराबाई लेकीकडे अमरावतीला येत आहेत, त्यांच्या हाती देते. उत्तर त्यांच्याच हाती द्या.

वारा श्वास घेत नाही, भाऊ. आणि वारा घंटी वाजवत नाही.

परवा शाळेतून येऊन पाय धूत होते, तर मधल्या खोलीत घंटी वाजली. सेल मी काढले नव्हते. काढायला हात लावायचीच भीती वाटत होती. ती थांबली, पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा मी रिसीव्हर उचलला. पुरुषाचा आवाज होता, अगदी बसलेला.

"बाई, ठेवू नका. माय दोन दिस झाले आली नाई. पानी संपलं. मले लय ताप हाय."

मी ठेवून दिला. खरं लिहिते, ठेवून दिला आणि दाराला कडी घालून बसले. माझ्या डोक्यात सगळं येऊन गेलं. चोर असेल, वेडा असेल, कोणी तरी मला फसवून तिकडे बोलवत असेल. हेडमास्तरांनी त्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, तुमच्या घरी म्हणे टेलिफोनची खोली आहे? पोलीस ठाण्याचे दौलतराव जमादार विचारत होते." तेही आठवलं. पण "पानी संपलं" हे शब्द काही केल्या कानातून जाईनात. तासाभरानं आईची पितळी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि निघाले. वाटेत कोणी भेटलं तर महादेवाला पाणी घालायला चालले असं सांगणार होते. जैनाची बाई, सांगून सांगून हे सांगणार होते, यावरून माझी अवस्था समजा.

तो कापसाच्या कोठीत, जुन्या गोणपाटांवर पडला होता. तिशीचा असेल. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला पाहून उठायला गेला आणि पडला. अर्धी घागर तो एका दमात प्याला. मग पहिलं काय विचारलं असेल त्यानं?

"जिनदासभाऊनं पाठोलं काय तुमाले?"

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. कॉइल जळलेली नव्हती, साप नव्हते, वारा नव्हता. तुम्ही मला तीनदा खोटं लिहिलंत. हा कोण आहे? त्यानं काय केलं आहे? मी ज्या घरात एकटी झोपते तिथून तार त्याच्याकडे जाते, आणि मला कोणीच काही सांगितलं नाही.

औषध देऊन आले. पुन्हा उद्या जाईन. पण आधी उत्तर हवं.

प्रेमा


अमरावती,
१९ ऑक्टोबर १९७५

प्रेमाबाई,

कस्तुराबाई दारात बसल्या आहेत, म्हणून भराभर लिहितो.

त्याचं नाव रतनसिंग. आमच्या खात्यात लाइनमन. धनजपासून कोसभर असलेल्या तांड्यावरचा. खून नाही, चोरी नाही. जूनच्या शेवटी आणीबाणी लागून सगळ्यांची तोंडं बंद झाली तेव्हा यानं पत्रकं छापून वाटली, दोन सभा घेतल्या. वॉरंट निघालं. तीन वर्षांमागं खांबावर मला करंट लागला होता, तेव्हा हा वर चढून मला खांद्यावर घेऊन उतरला. त्याला दारातून परत कसा पाठवू?

मावसाजींना विचारलं. ते म्हणाले, "जिनिंगात आण." दोघांनी मिळून तार नीट केली. दोनदा थोडं थोडं फिरवलं तरच उचलायचं, असं ठरलं होतं. मावसाजी रोज संध्याकाळी त्याची विचारपूस करत. तुम्हाला ते बोटानं दाखवत होते ते हेच.

त्याची आई हेमलाबाई गवत कापायच्या निमित्तानं भाकर नेऊन द्यायची. तिला चौकशीला नेलं आहे असं आजच कळलं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण माहीत नसलेल्या माणसावर काही येत नाही असं वाटलं. ताप उतरला की त्याला पुढं पाठवायची व्यवस्था करतो. तोवर तुमच्या हाती आहे. मी येऊ शकत नाही, माझ्यावरही नजर आहे.

जिनदास


धनज,
११ नोव्हेंबर १९७५

जिनदासभाऊ,

पुन्हा कस्तुराबाईंच्या हाती. त्या काही विचारत नाहीत. फक्त पिशवीत तळाशी ठेवतात.

काल ते आले. दौलतराव जमादार आणि एक शिपाई. शाळा सुटून मी नुकतीच घरी आले होते. रतनसिंगचा ताप गेला होता आणि येत्या शुक्रवारी तो निघणार होता. चार दिवस राहिले होते, भाऊ.

जमादार सगळ्या खोलीत फिरला. एकेक टेलिफोन उचलून खाली ठेवला. मी तीन आठवडे घासलेलं पितळ त्याच्या बोटांनी डागाळत होतं, आणि मी तेवढंच पाहत राहिले, म्हणजे भिंतीकडे डोळे जाऊ नयेत.

"चालतात काय हे?"

"खेळण्यासारखे आहेत साहेब. या खोलीतून त्या खोलीत."

"आन् हा?"

त्यानं भिंतीवरच्याची मूठ धरली आणि चांगली लांब फिरवली. रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. मी दाराची चौकट धरली होती. काही झालं नाही. "मेलेला हाय," म्हणाला. मी चौकट सोडली.

मग गंमत म्हणून त्यानं मूठ पुन्हा फिरवली. थोडी. थांबून परत थोडी.

त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. तोंड पेटीजवळ नेऊन तो ओरडला, "हालो! कोन हाय तिकडं? बोलत काहून नाई? पोलीस बोलून राह्यलो!"

मग माझ्याकडे वळला. "कोनीतरी उचललं होतं. बाई, हे तार कोठं जाते?"

"वारा असेल," मी म्हटलं. तुमचंच वाक्य. माझ्या तोंडून ते तुमच्यापेक्षाही खोटं निघालं.

त्यानं शिपायाला तारेच्या मागानं पिटाळलं आणि स्वतः माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला. पाऊण तास.  मी चहा केला, त्यानं घेतला नाही. मला सारखं वाटत होतं, आता शिपाई त्याला धरून आणेल, आता त्याच्या हातात बेड्या दिसतील. मनात णमोकार म्हणत होते आणि मधलीच ओळ पुन्हा पुन्हा येत होती.

शिपाई एकटाच आला. कोठी रिकामी, गोणपाट गरम, मागची खिडकी उघडी. जमादारानं स्वतःच आपण पोलीस आहोत असं ओरडून सांगितलं, ते ऐकून तो पळाला असणार.

पण शिपायाच्या हातात माझी घागर होती.

जमादारानं ती उजेडात धरली आणि काठावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. "सूरजबाई, अनसिंग." मग विचारलं, "ह्या कोन?"

गावात सगळ्यांना माहीत आहे की पूनमचंद मामांच्या बहिणीचं नाव सूरजबाई होतं. मी म्हटलं, "माझी आई. घागर चोरीला गेली होती."

"तक्रार कोठं देली?"

मी घागरीकडे हात केला, त्यानं ती शिपायाकडे दिली.

चौदाही टेलिफोन बैलगाडीत घालून नेले. भिंतीवरचा पहारीनं उपटला, त्याबरोबर भिंतीचा गिलावाही आला. मला उद्या सकाळी ठाण्यात बोलावलं आहे.

भाऊ, तुमचं नाव मी घेणार नाही. पण मी किती टिकेन ते मला ठाऊक नाही. मला कोणी कधी जोरानं रागावलेलंही नाही. तुम्ही या. काही बोलू नका, काही कबूल करू नका. नुसतं नातेवाईक म्हणून बाहेर बाकावर बसा. कोणी तरी आपलं बाहेर बसलं आहे एवढं कळलं तरी मी धरून राहीन.

प्रेमा


अमरावती,
२४ नोव्हेंबर १९७५

श्रीमती प्रेमाबाई यांस,

पत्रास कारण की, आपल्या घरी काही बेकायदेशीर उपकरणे सापडल्याचे ऐकण्यात आले. आपला व माझा परिचय केवळ दूरच्या नात्याचा असून सदर टेलिफोनांशी माझा कोणताही संबंध नाही व नव्हता. त्यांच्या दुरुस्तीबाबत मी आपणांस कधीही सल्ला दिलेला नाही. मी जबाबदार सरकारी नोकर आहे. तरी यापुढे माझ्याशी पत्रव्यवहार करू नये.

कळावे,
जिनदास


अमरावती,
९ एप्रिल १९७७

प्रेमाबाईंस जिनदासचा सविनय जयजिनेंद्र.

दीड वर्षानं हात जोडून लिहितो आहे. फाडून टाकलंत तरी तो तुमचा हक्क आहे.

रतनसिंग परत आला. गेल्या आठवड्यात अचानक दारात उभा. त्या दिवशी तो खिडकीतून तुरीच्या शेतात उतरला, पुढं रस्त्यानं, ट्रकनं, आंध्रात गेला. विटांच्या भट्टीवर काम केलं. हेमलाबाई आठ दिवस आत होती, तिनं तोंड उघडलं नाही. आता तिचं अर्धं ऐकणं गेलं आहे. कसं गेलं ते ती सांगत नाही.

रतननं पहिल्यांदा तुमची चौकशी केली. "बाईले काई झालं नाई ना?" मी म्हणालो, माहीत नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान वर करू शकलो नाही.

तुमचं अकरा तारखेचं पत्र मिळालं तेव्हा मी स्टँडवर गेलो होतो. धनजवरून जाणाऱ्या कारंजा गाडीचं तिकीट काढलं. गाडी लागली. माणसं चढली. मी उभा राहिलो आणि गाडी गेली. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी घरीच राहिलो. मग ते पत्र लिहिलं. टपाल उघडतात हे माहीत होतं. म्हणूनच लिहिलं, त्यांनी वाचावं म्हणून.

आणखी एक खोटं आज काढून टाकतो. तुमच्यावर काही येऊ नये म्हणून तुम्हाला सांगितलं नाही, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. सांगितलं तर तुम्ही नाही म्हणाल, ही मला भीती होती. मग रतनला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

ठाण्यातून टेलिफोन परत मिळाले असतील तर मी सुटी घेऊन येतो. महिनाभर राहीन. सगळे नवे करून देतो. माझी सगळी हत्यारं आणतो.

जिनदास


धनज,
२१ एप्रिल १९७७

जिनदासभाऊ,

पत्र मिळालं. फाडलं नाही.

रतनसिंग इथं येऊन गेला, आईला घेऊन. हेमलाबाई ओट्यावर बसली, चहा प्याली. मी मोठ्यानं बोलत होते आणि ती नुसती हसत होती. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले. बराच वेळ.

तुम्ही विचारलं नाही, तरी माझं सांगते. नऊ दिवस रोज सकाळी दहाला जायचं, बाकावर बसायचं, पाचला घरी यायचं. मारलं नाही. एकच प्रश्न होता: टेलिफोन दुरुस्त करायला कोणी शिकवलं? मी म्हणायची, मामांनी. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की काही होत नाही. पहिले तीन दिवस मी पाच वाजता सरळ घरी गेले नाही, एस.टी. थांबते तिथं उभी राहिले. एक म्हातारी रोज विचारायची, "कोन येऊन राह्यलं बाई तुमचं?" मी म्हणायची, भाऊ.

नवव्या दिवशी सुटले, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. जमादारानं तुमचं पत्र माझ्यासमोर वाचलं. दोनदा. पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं, हा वाचला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी रडले. मला रडताना पाहून त्याला काय वाटलं देव जाणे, त्यानं मला घरी पाठवलं आणि परत बोलावलं नाही. म्हणजे त्या पत्रानं तुम्हीही सुटलात आणि मीही. याचा मला आनंद मानता येत नाही.

चार महिने शाळेतून काढलं होतं. मग घेतलं. मुली घरी येत नाहीत, त्यांच्या आया पाठवत नाहीत. गावात जीप आली की मी अजून दाराला कडी घालते. बाहेरचं सगळं निवळलं म्हणतात, वर्तमानपत्रांत तसं छापूनही येतं. माझ्या अंगातलं निवळलेलं नाही.

टेलिफोन गेल्या महिन्यात परत मिळाले. पावसात उघड्यावर पडले होते. चौदातले अकरा. त्यातले पाच मी दुरुस्त केले, बाकीचे करीन. चिंच, जवसाचं तेल, टिचक्या, सगळं मला येतं. तेव्हा हत्यारं आणू नका. महिनाभर राहायचीही गरज नाही.

तुम्ही लिहिता, मी नाही म्हणाले असते अशी भीती होती. मी काय म्हटलं असतं ते मलाही सांगता येत नाही. कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण ते म्हणायचं माझं होतं, भाऊ. मामांनी टेलिफोनकडे बोट केलं, माझ्याकडे नाही, तरी घर माझं होतं, मान माझी होती, आणि घागर मी माझ्या डोक्यावरून नेली. तुम्ही माझ्या वतीनं घाबरून मोकळे झालात.

तरी या. रविवारी मी घरी असते. सकाळची गाडी साडेनवाला येते, मी स्टँडवर येणार नाही, वाट तुम्हाला माहीत आहे. या पत्रात जे मला लिहिलंत ते माझ्यासमोर बसून एकदा तोंडानं सांगा. मध्ये काही न सोडता. मी ऐकून घेईन. त्यानंतर तुम्हाला जेवायला वाढायचं की नाही ते मी तेव्हाच ठरवीन.

प्रेमा